पाहिलेल्या चित्रपटाविषयी : संभाषणापासून निकषापर्यंत

१

चित्रपटगृहातून बाहेर पडलेला प्रेक्षक सहसा फार वेळ गप्प राहू शकत नाही. कादंबरी एकान्तात वाचली जाते आणि तिच्याविषयीचे मत वाचक कित्येक दिवस स्वतःपाशी ठेवू शकतो. चित्रपट समूहात पाहिला जातो. दिवे लागताच शेजाऱ्याच्या मुद्रेकडे दृष्टी वळते आणि ‘कसा वाटला?’ हा प्रश्न आपोआप विचारला जातो. चित्रपटसमीक्षेचा इतिहास सांगताना छापील लेखांची दखल घेतली जाते, त्या लेखांच्या आधी झालेल्या बोलण्याची क्वचितच घेतली जाते. बोलण्याची नोंद राहत नाही, हे याचे एक उघड कारण आहे. परंतु मित्रामित्रांतील अशा बोलण्याला गप्पांहून अधिक योग्यता देण्यास अभ्यासकांचे मन धजत नाही, हेही कारण तितकेच खरे आहे.

ही उपेक्षा न्याय्य आहे काय, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. ‘चित्रपट आवडला’ असे म्हणणारा मनुष्य वस्तुतः स्वतःविषयी माहिती देत असतो. त्याच्याच तोडीच्या रसिक मित्राने ‘का आवडला?’ असे विचारले, की त्याला स्वतःकडून चित्रपटाकडे वळावे लागते. अमुक प्रसंग, अमुक दृश्याची रचना, अमुक ठिकाणचे मौन यांची साक्ष काढावी लागते. आवडीचे रूपान्तर निर्णयात होण्याची क्रिया या ‘का’पाशी सुरू होते, आणि त्या अर्थाने रसिकांचा परस्परसंवाद ही समीक्षेची पहिली पायरी ठरते. मात्र याच संवादाची दुसरी बाजूही आहे. एकत्र बसून चित्रपट पाहणारी मंडळी काही काळाने एकाच भाषेत बोलू लागतात. त्यांची म्हणून काही वाक्ये ठरून जातात, आणि पुढे चित्रपट पाहण्याचे काम ती वाक्येच करू लागतात.

या दोन्ही बाजू एकाच उदाहरणात स्पष्ट दिसाव्यात, असा योग एका ठिकाणी जुळून आला आहे. १९५९ मध्ये पॅरिस येथे काही चित्रपटप्रेमी मित्रांनी नुकत्याच पाहिलेल्या एका चित्रपटावर चर्चा केली आणि ती छापली गेली. तीत सहज उच्चारलेले एक वाक्य पुढे तीस वर्षांहून अधिक काळ चित्रपटविचारात वावरत राहिले. त्या वाक्याचा प्रवास पाहिला असता रसिकांच्या संवादाचे सामर्थ्य आणि त्यातील धोका, दोन्ही ध्यानात येतात.

२

फ्रान्समध्ये अशा चर्चेला जुनी परंपरा होती. रिच्चोत्तो कानुदो यांनी १९२१ मध्येच ‘सातव्या कले’च्या मित्रांचे एक मंडळ स्थापन केले होते. १९३६ मध्ये आँरी लांग्ल्वा प्रभृतींनी सिनेमातेक फ्रांसेज ही संस्था काढली आणि जुने चित्रपट जतन करून ते पुनःपुन्हा दाखविण्याचा प्रघात पाडला. दुसऱ्या महायुद्धानंतर चित्रपटमंडळांची संख्या झपाट्याने वाढली. प्रारंभी प्रास्ताविक, मग चित्रपट आणि शेवटी चर्चा, अशी या मंडळांच्या सभांची ठरलेली रीत होती. आंद्रे बाझँ यांनी विद्यार्थ्यांपुढे तसेच कामगारांपुढे अशा असंख्य चर्चा चालविल्या. त्यांच्या लेखनातील शांत व समजावणीचा सूर या सभांतच घडला असावा, असे मानण्यास जागा आहे. १९५१ मध्ये ‘काइये द्यु सिनेमा’ हे मासिक निघाले. त्याभोवती जमलेल्या तरुण लेखकांना चित्रपटाचे शिक्षण कोणत्याही विद्यापीठात मिळाले नव्हते. पडद्यासमोरच्या खुर्च्या आणि खेळ संपल्यावर रस्त्यावर चाललेले वाद, हेच त्यांचे विद्यापीठ होते.

१९५९ च्या उन्हाळ्यात आलँ रेने यांचा ‘हिरोशिमा मोन आमूर’ हा चित्रपट पॅरिसमध्ये प्रदर्शित झाला. मार्गरीत द्युरास यांनी त्याची संहिता लिहिली होती. एका शांतताविषयक चित्रपटात काम करण्यासाठी हिरोशिमात आलेली फ्रेंच अभिनेत्री आणि एक जपानी वास्तुविशारद यांची ही अल्पकाळाची प्रेमकथा. तिच्या ओघात त्या स्त्रीचे नेव्हेर गावातील तारुण्य, शत्रुपक्षाच्या सैनिकावरील तिचे प्रेम, त्याचा मृत्यू आणि तिची झालेली विटंबना यांची स्मृती हळूहळू वर येते. चित्रपटाचा आरंभच एका वादाने होतो : हिरोशिमात आपण सारे काही पाहिले असे ती म्हणते, आणि तिने काहीच पाहिलेले नाही असे तो तिला पुनःपुन्हा बजावतो. पाहणे म्हणजे काय, हा प्रश्न चित्रपटाने पहिल्या काही क्षणांतच उभा केला आहे.

‘काइये’च्या जुलै १९५९ च्या अंकात या चित्रपटावरील चर्चा प्रसिद्ध झाली. एरिक रोमेर, झाँ-ल्यूक गोदार, झाक रिव्हेत, झाक दोनिओल-व्हालक्रोझ, प्येर कास्त आणि झाँ दोमार्शी हे सहा जण तीत सहभागी होते. मासिकाने एखाद्या समीक्षकाकडून परीक्षण लिहवून न घेता सहा जणांचे बोलणे छापावे, ही गोष्ट लक्षणीय आहे. या चित्रपटाविषयी एकट्याने निर्णय देण्याचे धाडस कोणालाच होत नव्हते, असा तिचा एक अर्थ लावता येईल. चर्चेत मतभेद भरपूर आहेत. कोणी या चित्रपटाला कादंबरीच्या व संगीताच्या नव्या वाटांशी जोडतो, कोणी त्याच्या संकलनाचे नाते आइझेनस्टाइनशी सांगतो, कोणी तो नायिकेची भूमिका करणाऱ्या इमान्युएल रिव्हा हिच्यावरील माहितीपटच आहे असे सुचवितो. हा युद्धोत्तर काळातील सर्वांत महत्त्वाचा चित्रपट आहे, की वाटला होता तितका तो महत्त्वाचा नव्हता, हे काही दशकांनंतरच कळेल, अशी सावध कबुलीही रोमेर यांनी दिली आहे. आपल्या निर्णयाला अवधी देण्याची ही वृत्ती लिखित परीक्षणात विरळाच आढळते. परीक्षणकर्त्याला अंक निघण्यापूर्वी मत बनवावे लागते; बोलणाऱ्याला ‘अजून ठरत नाही’ असे म्हणण्याची मोकळीक असते.

३

या चर्चेत गोदार यांनी एक अस्वस्थता बोलून दाखविली. भीषण दृश्ये दाखविण्यात एक प्रकारची सुलभता असते. अशा दृश्यांनी प्रेक्षक हादरतो, आणि दिग्दर्शकाने काही घडविले आहे की केवळ विषयानेच आघात केला आहे, हे ओळखणे कठीण होते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. रेने यांच्याच नाझी छळछावण्यांवरील ‘रात्र आणि धुके’ या १९५६ मध्ये प्रदर्शित झालेल्या लघुपटाबाबतही आपल्याला हेच जाणवले होते, असे त्यांनी सांगितले. ‘हिरोशिमा’तील खटकणारी गोष्ट नैतिक दृष्ट्या खटकते की सौंदर्यदृष्ट्या, असा प्रश्न निघाला तेव्हा त्या दोन्ही गोष्टी एकच आहेत, असे उत्तर गोदार यांनी दिले आणि त्याला एक सूत्र जोडले : रुळांवरून सरकत जाणाऱ्या कॅमेऱ्याची हालचाल, जिला चित्रणस्थळी ‘ट्रॉली’ म्हणतात, ही नीतीची बाब आहे.

हे सूत्र सर्वस्वी गोदार यांचे नव्हते. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात ल्युक मुले यांनी सॅम्युएल फुलर या अमेरिकन दिग्दर्शकावरील लेखात त्याची उलट बाजू मांडली होती : नीती ही कॅमेऱ्याच्या हालचालीची बाब आहे, असे त्यांचे विधान होते. मित्राचे वाक्य उचलावे, उलटे करावे आणि नव्या प्रसंगी वापरावे, हा संवादाचा स्वभावच आहे. तथापि शब्दांची ही अदलाबदल निव्वळ चमत्कृती नव्हती. मुले यांच्या वाक्याचा रोख दिग्दर्शकाची नीती त्याच्या उपदेशात न शोधता त्याच्या शैलीत शोधावी, असा आहे. गोदार यांचे वाक्य शैलीच्या प्रत्येक निवडीवर जबाबदारी टाकते. पहिले वाक्य दिग्दर्शकाला मोकळे करते, दुसरे त्याला बांधून घेते.

मराठी वाचकाला या ठिकाणी एका परिचित वादाची आठवण होणे स्वाभाविक आहे. ‘कलेसाठी कला’ की ‘जीवनासाठी कला’ हा वाद ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावांशी कायमचा जोडला गेला आहे. त्या वादातील दोन्ही पक्षांचे एक गृहीत समान होते : नीतीचा संबंध आशयाशी आणि सौंदर्याचा संबंध रचनेशी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये (१९५५) लयतत्त्वाच्या आधारे सौंदर्याची वेगळी भूमी आखून दिली, त्यामुळे त्या वादाची पातळी उंचावली, परंतु सौंदर्यमूल्य व नीतिमूल्य यांतील सीमारेषाही अधिक ठळक झाली. पॅरिसमधील त्या संभाषणात ही रेषाच अमान्य करण्यात आली. दुःखी मनुष्याजवळ कॅमेरा किती वेगाने जातो, किती जवळ जातो, कोठे थांबतो, हा रचनेचा प्रश्न आहे आणि त्याच क्षणी परदुःखाशी कसे वागावे हाही प्रश्न आहे. रचनेपासून अलग काढता येईल असा नैतिक आशय चित्रपटात कदाचित नसतोच, हा विचार त्या वाक्यात बीजरूपाने होता.

४

ते बीज वाढले १९६१ मध्ये. त्या वर्षीच्या जूनच्या ‘काइये’मध्ये झाक रिव्हेत यांनी जिल्लो पोन्तेकोर्व्हो यांच्या ‘कापो’ (१९६०) या चित्रपटावर ‘अधमतेविषयी’ अशा आशयाच्या शीर्षकाचा एक छोटा लेख लिहिला. ‘कापो’ची कथा नाझी छळछावणीत घडते. तीत एक बंदिवान स्त्री विजेच्या काटेरी तारांवर झेप घेऊन मरण पत्करते. योगायोगाची गोष्ट अशी की, ही भूमिकाही इमान्युएल रिव्हा हिनेच केली होती. ती तारांवर मरून पडल्यानंतर कॅमेरा पुढे सरकतो, तिचे शरीर किंचित खालच्या कोनातून नव्याने चौकटीत बसवितो, आणि तिचा उचललेला हात चौकटीच्या कोपऱ्यात नेमका येईल अशी दक्षता घेतो. ज्या मनुष्याला या क्षणी अशी हालचाल करावीशी वाटते तो केवळ गाढ तिरस्काराला पात्र आहे, असा निवाडा रिव्हेत यांनी दिला.

या लेखाचे सामर्थ्य त्याच्या संतापात शोधण्याचे कारण नाही. ते त्याच्या अचूकतेत आहे. छळछावणीवरील चित्रपटाविषयी भावनाप्रधान, वरवरचा, भडक अशी विशेषणे सहज वापरता आली असती. रिव्हेत यांनी त्यांऐवजी एका हालचालीवर बोट ठेवले. मृत्यूचा क्षण संपल्यावर कॅमेऱ्याला पुढे जाण्याचे काय कारण होते? नवे काही दिसावे म्हणून तो पुढे गेला नाही. जे दिसत होते ते अधिक सुबक दिसावे म्हणून गेला. एका माणसाच्या यातनेचे अखेरचे रूप ‘चांगल्या चौकटी’त बसविण्याचा मोह दिग्दर्शकाला आवरला नाही, असा हा आक्षेप आहे, आणि तो त्या दृश्याकडे परत जाऊन पडताळून पाहता येतो. आक्षेप पडताळता येणे हा समीक्षेचा पहिला गुण होय.

परंतु त्याच लेखात दोन उणिवाही आहेत. पहिली अशी की, एका हालचालीवरून रिव्हेत यांनी थेट माणसाच्या अंतःकरणाविषयी निकाल दिला. पोन्तेकोर्व्हो हे स्वतः ज्यू कुटुंबातील होते आणि युद्धकाळात इटलीतील फॅसिस्टविरोधी प्रतिकारात त्यांनी प्रत्यक्ष भाग घेतला होता. यामुळे ते दृश्य निर्दोष ठरत नाही. मात्र दृश्याचा दोष आणि कर्त्याची अधमता यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते या लेखात एका उडीत ओलांडले गेले आहे. दुसरी उणीव अधिक सूक्ष्म आहे. रिव्हेत यांनी ‘कापो’च्या विरुद्ध आदर्श म्हणून ‘रात्र आणि धुके’ हाच लघुपट पुढे केला आणि त्याची थोरवी सांगितली. दोन वर्षांपूर्वी गोदार यांना अस्वस्थ करणारा चित्रपट तो हाच! नीतीचे आणि रचनेचे ऐक्य मानणाऱ्या दोन मित्रांना एकाच कृतीविषयी असे निरनिराळे वाटले. यावरून निकष निरुपयोगी ठरतो असे नव्हे. निकष समान असला तरी प्रत्येक चित्रपट त्याच्यापुढे नव्याने ठेवावा लागतो, एवढे निश्चित ठरते.

याची जाणीव रिव्हेत यांना होती. मुले व गोदार यांचे ते वाक्य सगळीकडे, आणि बहुधा मूर्खपणाने, उद्धृत केले जाते, अशी तक्रार त्यांनी त्याच लेखात नोंदविली आहे. म्हणजे उच्चारल्यापासून दोनच वर्षांत ते वाक्य मंडळींच्या तोंडी रुळून गुळगुळीत झाले होते. रिव्हेत यांनी त्याला एका ठोस दृश्याशी पुन्हा बांधले आणि त्याची धार परत आणली. दुर्दैवाने, यामुळे आता त्यांचा स्वतःचा लेखच नवे घोषवाक्य होण्याच्या मार्गाला लागला.

५

तो तसा कसा झाला, याची साक्ष सेर्ज दाने यांनी दिली आहे. रिव्हेत यांचा लेख प्रसिद्ध झाला त्या सुमारास दाने सतरा वर्षांचे होते. पॅरिसमधील व्होल्तेर विद्यालयात आँरी आजेल नावाचे शिक्षक विद्यार्थ्यांना वर्गात चित्रपट दाखवीत. ‘रात्र आणि धुके’ दाने यांनी तेथेच पाहिला. पुढे ते ‘काइये’चे संपादक झाले आणि आयुष्याच्या अखेरीस त्यांनी ‘त्राफिक’ हे नियतकालिक काढले. त्यांचा ‘कापोमधील ट्रॉली’ हा दीर्घ निबंध १९९२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, त्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच्या आरंभीच दाने यांनी कबूल केले आहे की, ‘कापो’ हा चित्रपट त्यांनी कधीच पाहिला नाही. रिव्हेत यांच्या काही ओळींनीच तो त्यांना ‘दाखविला’. त्या दृश्याची अधमता हे त्यांच्यासाठी वादातीत सत्य होऊन बसले. ज्याला ती तत्काळ जाणवत नाही त्याच्याशी आपले काही जमणार नाही, असे ते मानू लागले.

या कबुलीकडे दोन दृष्टींनी पाहता येते. एका दृष्टीने ती समीक्षेच्या सामर्थ्याची पावती आहे. न पाहिलेले दृश्य काही ओळींतून असे उभे राहावे की एका तरुणाची जीवनदृष्टी त्याने घडावी, हे सामान्य यश नव्हे. दाने यांच्यासारख्या प्रज्ञावंताने त्या आधारावर दूरचित्रवाणीवरील यातनादर्शनाची जी चिकित्सा केली, ती आजही मोलाची आहे. संगीताच्या ठेक्यावर भुकेल्यांची आणि गायकांची चित्रे एकमेकांत विरघळविणाऱ्या कार्यक्रमात त्यांना ‘कापो’तील हालचालच नव्या रूपात दिसली. दुसऱ्या दृष्टीने मात्र येथे काहीतरी हरवले आहे. संभाषणात ‘का?’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून जन्मलेले वाक्य आता ‘का?’ विचारण्यास बंदी करू लागले आहे. मैत्रीची परीक्षा त्यावर ठरू लागली आहे. ज्याने चित्रपट पाहिला आहे आणि ज्याला वेगळे वाटले आहे, त्याला बोलण्यास जागा उरलेली नाही. ‘हिरोशिमा’तील पुरुषाने म्हणावे तसे येथेही म्हणता येईल : सारे पाहिल्याची खात्री असणाऱ्याने काहीच पाहिलेले नव्हते.

आज ‘कापो’ पाहणे दुर्घट राहिलेले नाही. पाहणाऱ्यास ती हालचाल अवघ्या काही क्षणांची असल्याचे आढळते. इतक्या थोड्या अवधीत असा दोष सामावू शकतो काय, हा प्रश्न त्यामुळे मोकळा होतो. एखाद्याला रिव्हेत यांचेच म्हणणे पटेल. दुसऱ्याला वाटेल की चित्रपटाचा खरा दोष त्या हालचालीत नसून उत्तरार्धात छावणीत फुलविलेल्या प्रेमकथेत आहे. या दोघांत वाद झाला पाहिजे. तो न होणे हेच नुकसान आहे.

६

नाट्यशास्त्रातील सिद्धिविषयक अध्यायात ‘प्राश्निक’ या नावाने नाट्यप्रयोगाच्या परीक्षकांचा विचार आला आहे. प्रयोगाविषयी संघर्ष उत्पन्न झाल्यास कोणास विचारावे, याची तेथे दहा जणांची यादी आहे. तीत यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, व्याकरण जाणणारा, राजा, धनुर्विद्या जाणणारा, चित्रकार, गणिका, गायक आणि राजसेवक यांचा समावेश होतो. प्रत्येकाने आपापल्या विषयापुरते मत द्यावे, अशी अपेक्षा आहे. कारण सर्व गुण एकाच प्रेक्षकात एकत्र आढळत नाहीत, हे भरताने स्पष्टपणे मान्य केले आहे. ‘काइये’नेही नव्या चित्रपटांना तारका बहाल करणारे दहा जणांचे एक मंडळ आपल्या पानांवर बसविले होते. संख्येचे साम्य योगायोगाचे आहे, परंतु भेद बोधप्रद आहे. पॅरिसच्या त्या कोष्टकात दहाही जण एकाच गोष्टीवर, सबंध चित्रपटाच्या योग्यतेवर, चिन्हांनी मत देत असत आणि कारण देण्यास तेथे जागा नसे. भरताचा प्राश्निक कमी गोष्टींवर बोलतो, पण ज्या गोष्टीवर बोलतो ती त्याला ठाऊक असते. रसिकांचा संवाद फलदायी व्हावयाचा तर त्याने कोष्टकापेक्षा प्राश्निकांच्या सभेचे रूप धरले पाहिजे.

भारतातील चित्रपटमंडळांच्या चळवळीला हा विचार परका नाही. १९४७ मध्ये सत्यजित राय, चिदानंद दासगुप्त प्रभृतींनी कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली, १९५९ मध्ये अशा संस्थांचा महासंघ झाला आणि १९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झाले. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाल्यानंतर रसग्रहणाच्या वर्गांनाही मूळ चित्रपटांचा आधार मिळाला. चित्रपट दाखविणे हे या संस्थांचे अर्धे कार्य. तो दाखविल्यावर माणसांना बोलते करणे हे उरलेले अर्धे. पहिल्या अर्ध्याची गरज आता बरीच कमी झाली आहे, कारण हवा तो चित्रपट बहुधा घरबसल्या मिळतो. दुसऱ्या अर्ध्याची गरज त्याच प्रमाणात वाढली आहे. एकट्याने पाहणाऱ्याला ‘का?’ विचारणारा कोणी नसतो, आणि तयार मते मात्र त्याच्यापर्यंत चित्रपटाच्या आधीच पोहोचलेली असतात.

१९५९ च्या त्या सहा जणांपैकी गोदार यांनी तोवर पहिला कथापट पूर्ण केलेला नव्हता. पुढे गोदार, रिव्हेत आणि रोमेर हे तिघेही थोर दिग्दर्शक झाले. त्यांच्या चित्रपटांत कॅमेरा माणसांजवळ जाताना जो संकोच आणि जी सावधगिरी वेळोवेळी जाणवते, तिचे एक मूळ त्या बोलण्यात शोधता येईल. त्यांच्या त्या वाक्याचे मोल ते बरोबर होते की चूक होते यावरून ठरत नाही. ते ऐकणारा दर वेळी पुन्हा पडद्याकडे वळला की नाही, यावरून ते ठरते. जोवर वळला तोवर ते समीक्षा होते. ज्या दिवशी वळला नाही त्या दिवशी ते श्रद्धा झाले. रसिकांच्या कोणत्याही मंडळाला, आणि साहित्याच्या कोणत्याही वर्गालाही, आपल्या आवडत्या वाक्यांची हीच कसोटी अधूनमधून घ्यावी लागेल.